उन्हात वाचलेली भुतं

साखर कारखान्याचा भोंगा झाला की कसबा बावड्यात लोकांना ऊस आठवतो, मला भुतं आठवतात. ह्यात माझा काही दोष नाही. दिवाळी सरते, हवेत उसाच्या मळीचा तो आंबूस-गोड वास उतरतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जायला लागतात आणि माझा हात आपोआप कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे जातो. तिथं माझ्या भयकथा असतात. बाहेरगावचे पाहुणे ह्या दिवसांत आले की नाकाला रुमाल लावून विचारतात, "कसला हो वास हा?" त्यांना काय सांगणार? माझ्या लेखी हा हडळीचा वास आहे, असं सांगितलं तर चहासुद्धा न घेता उठतील.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पर्समधून भुताची कादंबरी डोकावली की स्टाफरूममध्ये माझी यथेच्छ खेचली जाते. "काय मॅडम, सकाळी गुरुत्वाकर्षण आणि दुपारी वेताळ?" मी म्हणते, गुरुत्वाकर्षण नसतं तर वेताळ झाडाला लोंबकळला असता कसा? हसतात आणि आपापले पेपर तपासायला घेतात. विज्ञानाच्या बाईला भुतं का लागतात ह्याचं खरं उत्तर जरा लांबडं आहे, आणि ते माझ्या वडिलांपाशी जाऊन थांबतं. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच असतात. ऐंशी ओलांडली आहे. दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलाय, त्यामुळं समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. कान मात्र खणखणीत. गॅसच्या टाकीवर बोटानं टकटक करून "चार दिवसाचा हाय अजून" म्हणतात आणि पाचव्या दिवशी शेगडी विझते.

तर यंदा भोंगा झाला, वास आला, ट्रॅक्टर धावायला लागले, आणि माझा हात कपाटाकडे गेला तो हौसेनं नव्हे. अण्णा गप्प झाले होते. चार महिने. पेपरातली बातमी वाचून दाखवली तर भांडायचे नाहीत, भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचे नाहीत. अंगणात बसायची खुर्ची त्यांनी आपणहून भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. चहा अर्धा उरायचा. आणि पायरी उतरताना ते डावीकडची बाजू सोडून असे अंग चोरून उतरायचे, जणू कुणाला वाट देतायत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वय झालं बाई, आता हे असंच." मला भीती वाटली. पुस्तकातली नाही, खरी. माणूस डोळ्यांदेखत आतल्या आत कुठंतरी निघून जातोय आणि आपल्याला दार सापडत नाही, ती.

म्हणून मी भुतं बाहेर काढली. कारण अण्णांना बोलतं करायचं औषध म्हणून मला एवढी एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्यांनीच मला मी आठवीत असताना दिली होती.

आठवीतला तो हंगाम. आमच्या घरात भुतांना बंदी होती. आम्ही बौद्ध. आजोबांनी शाहूवाडीकडच्या आमच्या गावी धम्म घेतला तेव्हा ताईत, गंडेदोरे सगळं ओढ्यात सोडून दिलं आणि त्यांच्यामागोमाग भुतंही गेली. "आपल्यात भूत न्हाय," अण्णा छाती काढून सांगायचे. आता तुम्हीच सांगा, तेरा वर्षांच्या पोरीला ह्याचा अभिमान कसा वाटावा? मला तर मेला हेवाच वाटायचा सगळ्यांचा. गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी स्वतःचं एक तरी भूत होतं. कुणाच्या विहिरीत, कुणाच्या चिंचेवर, कुणाच्या चुलतीच्या अंगात. मधल्या सुट्टीत पोरी डबे उघडायच्या तशी आपापली भुतं उघडून बसायच्या. माझा डबा रिकामा.

गल्लीच्या तोंडाला पिंपळ होता. त्याच्या एका अंगाला लोकांनी मुंजासाठी दोरे गुंडाळलेले, दुसऱ्या अंगाला आमच्या माणसांनी बांधलेला पार आणि त्यावर पंचशीलाचा झेंडा. मुंजा आणि बोधिवृक्ष एकाच खोडात कसे नांदतात, हा माझ्या बालपणातला मोठा प्रश्न होता. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "झाडाला इच्यार. ते बिचारं झाडाच्या कामात हाय."

अण्णा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. वाळूचे साचे करायचे, त्यात लोखंडाचा रस ओतायचा, थंड झालं की फोडून माल बाहेर काढायचा. पुढं ते तपासणीवर गेले. ओतीव मालात हवा अडकली तर आत पोकळी राहते, बाहेरून दिसतो गुळगुळीत. अण्णा हातोडीनं हलकं ठोकायचे, कान द्यायचे आणि खडूनं खूण करायचे. चांगला असेल तर बरोबर, नाहीतर फुली. ही खोड घरीही आली. कलिंगड, माठ, दार, सगळं ठोकून बघायचे. आईनं एकदा वैतागून म्हटलं होतं, "लग्नाच्या आधी मला तेवढं ठोकून बघायचं राहिलं तुमचं."

मला भुतं पुरवली ती पद्मानं. पद्मा माझ्या बाकावर बसायची. जैन शेतकऱ्याची पोर. त्यांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं तिची मोठी बहीण, जिला ती आक्का म्हणायची, संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या आधी मोकळी व्हायची आणि वाचत बसायची. आक्कानं शहरातल्या एका वाचनालयाची वर्गणी भरली होती आणि तिला भुताखेताशिवाय दुसरं काही चालायचं नाही. तिचं वाचून झालं की परत करायच्या आधी पुस्तक दोन दिवस पद्मा पळवायची आणि एक दिवस मी. एका दिवसात दोनशे पानं! खाकी कव्हरच्या आत केस मोकळे सोडलेली बाई नाहीतर कवटी, आणि पानापानावर आक्काच्या बोटांची हळद. मी पिंपळाच्या पारावर आमच्या बाजूला बसायची, वर विज्ञानाचं पुस्तक, आत हडळ. मळीचा वास, उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं, आणि अंगावर सरसरून काटा. काय सांगू ते सुख! उसाचं कांडं दातानं सोलता सोलता मी किती वाडे, किती विहिरी, किती शापित राजकन्या पार केल्या त्याला गणती नाही. दुसऱ्यांच्या भुतांवर माझा उदरनिर्वाह चालला होता.

रात्री पुस्तक लपवायचं कुठं, तर तांदळाच्या पिंपात. गावाकडनं वर्षाचा तांदूळ यायचा, पिंप गळ्यापर्यंत भरलेलं असायचं. ह्यात माझी एक चूक झाली. तांदूळ रोज कमी होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एके सकाळी आईनं माप आत घातलं आणि खाकी कव्हर निसटून तांदळातनं केस सोडलेली बाई वर आली. आई अशी किंचाळली की शेजारच्या दोघी धावत आल्या. मग तिनं ते पुस्तक दोन बोटांत धरून माझ्यासमोर आपटलं. "येऊ देत त्यांना. मग तुझं तू बघ."

अण्णा पहिली पाळी संपवून साडेतीन-चारला सायकलवरून यायचे. अंगावरची काळी वाळू धुवायचे. त्या दिवशी त्यांनी हात पुसले, पुस्तक उचललं, उंबऱ्यात बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतकी मी घाबरले होते.

शाळेत पद्मा रडकुंडीला आली. "आक्का मला जित्ती सोडायची न्हाय. पुस्तक कुठं हाय?"

"अण्णा वाचालेत."

"तुझे अण्णा? भुताचं?" तिचे डोळे मोठे झाले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कुठवर आल्यात?"

चौथ्या दिवशी अण्णांनी मला समोर बसवलं. पुस्तक मिटलं, त्याच्या पुठ्ठ्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं आणि कान देऊन म्हणाले, "पोकळ हाय." मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून ते जागीच विरलं.

"माझी एक भैन हुती," ते म्हणाले. "तारी. माझ्यापेक्षा तीन वर्सानं ल्हान. मी बारा वर्साचा हुतो. भातकापणीत तिला ताप भरला. घरच्यांनी देवरशाकडं नेलं. त्यो म्हणाला, पोरीला बाहेरचं लागलंया. मिरच्याचा धूर दिला. लिंबाच्या फोकानं मारलं. तीन दिवस. डॉक्टर मलकापुरात हुता, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटंवर. चौथ्या दिवशी त्याची गरज उरली न्हाय." त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. "फुडच्या साली तुझ्या आज्ज्यानं धम्म घेतला. तवापास्नं आपल्यात भूत न्हाय. कळलं?"

मला कळलं. मी मान खाली घालून म्हटलं, "आता नाही वाचायची मी."

"वाच की!" ते जवळजवळ ओरडलेच. "वाचू नगं कोण म्हणालंय? पर चोरून न्हाय वाचायचं. अंधारात चोरून वाचलं की भूत पोसतंय. हितं अंगणात बसायचं, उन्हात, मोठ्यानं, माझ्या म्होरं. उन्हात टिकंल ते भूत खरं म्हणू आपण."

आणि त्या हंगामात ते सुरू झालं. रोज पाळीवरून आले की अण्णा चहाचा कप घेऊन अंगणात बसायचे, मी पायरीवर. त्यांच्या एका हातात खडू. तो त्यांनी फौंड्रीतनं आणलेला. मी वाचायची आणि ते भुतांची तपासणी करायचे.

"थांब. अवस हुती म्हणतोय ह्यो. मग तिचं पाय उलटं हायत हे ह्याला दिसलं कसं?"

"कंदील होता, अण्णा."

"मागल्या पानावर कंदील इझला म्हणालीस की."

मी मागचं पान उलटायची. खरंच विझलेला असायचा. फरशीवर फुली.

"भितीतनं आरपार जातंय, मग कडी कशाला वाजवतंय?" फुली. "तीनशे वर्सं झाली म्हणतोय, मग लुगडं फाटलं कसं न्हाय?" फुली. हळूहळू गल्लीतल्या बायका शेंगा फोडायचं निमित्त काढून येऊन बसायला लागल्या. एकजण तर चिडायचीच. "अवो भावजी, फुडं ऐकू द्या की! तुमची तपासणी करा मागनं." अण्णा हसायचे आणि खडू वर करून मला खूण करायचे. माझी भीती त्या हंगामात पार गेली, असं मात्र समजू नका. रात्री मोरीत जाताना मी पळतच जायची. फक्त पळता पळता डोक्यात प्रश्न यायला लागला, की जे मागं लागलंय त्याला पाय आहेत का, आणि असले तर वाजत का नाहीत. आज वर्गात पोरांना मी जे काही शिकवते त्यातलं निम्मं त्या अंगणातलं आहे.

एकच गोष्ट फुलीवाचून राहिली. तिच्यात एका घराच्या पायरीवर रोज दुपारी एक मेलेली मुलगी येऊन बसते. बाकी काही करत नाही. घाबरवत नाही, मागत नाही, बोलत नाही. येते, बसते, ऊन कललं की जाते. मी वाचून संपवलं. बायकांना ती गोष्ट बिलकूल आवडली नाही. "मग? म्होरं काय झालं?" म्हणाल्या. काहीच झालं नव्हतं. अण्णांच्या बोटांत खडू तसाच होता.

"फुली, अण्णा?" मी विचारलं.

"फुडची गोष्ट वाच," ते म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, दमले असतील.

माणसं भुताच्या गोष्टी का वाचतात ह्यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. लोक म्हणतात भीतीची मजा असते. असेल. पण नुसतं घाबरायचं तर त्याला पुस्तक कशाला, बँकेतनं आलेला फोनही पुरतो. मला वाटतं, गोष्टीतलं भूत कधी ना कधी आपली कैफियत मांडतं. शंभर पानं किंचाळून झाल्यावर शेवटच्या पाच पानांत ते सांगतं, की बाबा, माझं असं असं झालं होतं आणि तेव्हा माझं कुणी ऐकलं नाही. कुणीतरी ऐकतं आणि ते जातं. खऱ्या आयुष्यात ही पाच पानं बहुतेकांना मिळत नाहीत. जिवंत माणसांनाही नाही.

असो. यंदाची दुपार. शाळा सकाळची असल्यामुळं मी दीडला घरी. जेवणं झाली, अण्णांची खुर्ची मी भिंतीकडनं वळवून उन्हात ठेवली आणि पुस्तक दाखवलं, म्हणजे त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"भुताचं?"

"भुताचं. वाचू?"

"वाच."

पहिल्या दिवशी एक प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लबाडी केली. पुस्तकात नसताना कंदील विझवला आणि लगेच पुढच्या ओळीत बाईच्या कपाळावरचं कुंकू दिसलं म्हणून वाचलं. चाळीस वर्षांपूर्वी असली चूक अण्णांनी झोपेत पकडली असती. ते गप्प. म्हटलं, गेले. अण्णा गेले, आता नुसतं शरीर खुर्चीत आहे. त्या दिवशी भांडी घासताना मी रडून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कादंबरीतला तरुण जुन्या बंगल्यात राहायला आला होता आणि त्याला खोलीच्या कोपऱ्यात एक बाई दिसायला लागली होती. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, म्हणून मी जरा आवाज चढवून वाचत होते. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "त्यानं कुणाला सांगितलं काय?"

मी थांबले. हा तपासणीचा प्रश्न नव्हता. बाईचे पाय कसे होते, उजेड होता का, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

"अजून नाही," मी म्हटलं.

"सांगू नगं म्हणावं."

मी पुस्तक मिटलं. अंगणात ऊन होतं, दोरीवर कपडे होते, सगळं रोजच्यासारखं होतं. "अण्णा," मी म्हटलं, "तुम्हाला काय दिसतंय?"

एक ट्रॅक्टर गेला, दुसरा गेला. मग म्हणाले, "तू मास्तरीन हाईस. सांगितलं तर काय करशील?"

"काय करायचं ते दोघं मिळून ठरवू. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही. शप्पथ."

"पायरीवर पोरगी बसत्या," अण्णा म्हणाले. "डाव्या अंगाला. हिरवा परकर हाय. तोंड दिसत न्हाय. बोलत न्हाय, काय न्हाय. चार म्हैनं झालं. मी भितीकडं तोंड केलं तर भितीवर फुलं दिसत्यात, जाळी दिसत्या. आयुष्यभर लोकास्नी सांगत आलो भूत न्हाय म्हणून. आता कुणाला सांगू, माझ्याच दारात बसलंया म्हणून?"

"मला सांगायचं होतं की!"

"तारीनं बी सांगितलं हुतं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारा वर्षांच्या पोराचा झाला. "तापात. कोपऱ्यात बाई बसलीया म्हणाली. मला एकट्याला सांगितलं. कुणाला सांगू नगं दादा, म्हणाली. मी चुलत्याला सांगितलं. मला वाटलं, मोठी माणसं हायत, काय तरी करतील." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "केलं की. देवरशाकडं नेलं. मी सांगितलं नसतं तर निस्ता ताप हुता त्यो. तापावर कुणी तरी डॉक्टर आणला असता."

तारीआत्याची गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. देवरशी, मिरच्या, फोक, मलकापूर, सगळं. तिला बाहेरचं लागलंय हे देवरशापर्यंत पोचलं कसं, हे मला कधीच विचारावंसं वाटलं नव्हतं. एवढी मी भुतांची तपासणी करणारी! माझ्या पुढ्यात बसलेल्या माणसाला मी कधी ठोकून बघितलं नव्हतं. मी उठून त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघंही, उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं, रडलो.

डॉक्टरकडे न्यायचं ते ठरवूनच नेलं. "देवरशाकडं न्हाय, डोळ्याच्या डॉक्टरकडं," मी म्हटलं तेव्हा अण्णा कितीतरी दिवसांनी थोडं हसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी डोळे तपासले, आणि मग मी काही बोलायच्या आत खुर्ची जवळ ओढून विचारलं, "आजोबा, कधी नसलेली माणसं, फुलं, नक्षी असं काही दिसतं का?"

अण्णा दचकले. "तुमास्नी कसं म्हाईत?"

"पुष्कळांना दिसतं. डोळ्याकडनं चित्र यायचं कमी झालं की मेंदू गप्प बसत नाही. रिकामी जागा आपल्या पदरचं काहीतरी घालून भरतो. वेड नव्हे हे, काही नव्हे. लोक काय म्हणतील म्हणून माणसं सांगत नाहीत, म्हणून मीच विचारते."

अण्णांनी टेबलावर बोटानं दोनदा ठोकलं. "म्हंजे साच्यात मोकळी जागा गावली की रस तिकडं पळतोय, तसं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. "फौंड्रीत होते," मी म्हटलं.

"अगदी तसंच आजोबा," त्या म्हणाल्या.

रिक्षातून येताना अण्णा पहिल्यांदा खुशीत होते. "बघ, न्हायच भूत. म्हणत हुतो का न्हाय मी?" मग उसाच्या बैलगाड्यांमागं रिक्षा अडकली. बावड्याचा रस्ता लागला तेव्हा म्हणाले, "तारीला बी असंच दिसलं आसंल. तापानं. कुणी तरी तिला बी असं जवळ बसून सांगायला पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी वर्गातला खडूचा तुकडा पर्समध्ये टाकून आणला. जेवणं झाली. अण्णांनी चहा सगळा प्यायला आणि भाजीत मीठ कमी होतं म्हणून मला दोन शब्द सुनावले. मला इतका आनंद झाला की उद्याही मीठ कमी घालावं असं वाटलं. मग ते अंगणात आले, स्वतःच खुर्ची पायरीकडे तोंड करून ओढली आणि बसले.

"आहे?" मी विचारलं.

"हाय. त्याच परकरात."

मी त्यांच्या हातात खडू ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, ओळखला.

"तपासली मी तिला," ते म्हणाले. "काल डोळं मिटून सगळं तपासलं. तारीकडं हिरवा परकर नव्हताच कधी. एकच हुता, पिवळा, त्याला बी आईनं ठिगळ लावल्यालं. म्हंजे ही तारी न्हाय. डॉक्टरीन म्हणत्या तेच बराबर. माझ्याच डोस्क्यानं केलीया."

"मग फुली?"

अण्णा पुढं वाकले. खडू फरशीपाशी नेला. मी वाट बघत होते. बाहेरून एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला, त्याच्या मागं मळीचा वास आला आणि अंगणात पसरला. मग त्यांनी हात मागं घेतला आणि खडू सदऱ्याच्या खिशात टाकला.

"तारी न्हाय ती न्हाय," ते म्हणाले. "पर पोर हाय. कुणी हाकललं न्हाय म्हणून बसलीया. बसू दे."

"बरं," मी म्हटलं. कादंबरी उघडली, मागं जिथं थांबलो होतो तिथून सुरुवात केली. चार-पाच ओळी झाल्या असतील नसतील, अण्णांनी हात वर केला. मला वाटलं, सापडली चूक, बाईचे पाय नाहीतर कंदील.

"जरा मोठ्यानं वाच की," ते म्हणाले.

अण्णांना ऐकायला कमी येत नाही. मी माझी खुर्ची पायरीकडे वळवली आणि आवाज चढवला.